डिस्कमध्ये मावेना

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेली आहे. आत्या म्हणजे भुताखेतांच्या गोष्टींना 'रिकामटेकड्यांचे उद्योग' म्हणणारी बाई. लहानपणी आम्ही भावंडं अंधाराला घाबरलो, तरी ती दिवा लावायची नाही. "अंधारात जे नाही ते उजेडातही नाही. झोपा गुपचूप," म्हणायची आणि कूस बदलायची.

आज तीच आत्या कुणी मागून हाक मारली तर ओ देत नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी सुरू झाली. लख्ख ऊन होतं. दिवेलागणीला संपली.

म्हणजे, संपली असं तिला वाटलं.

आत्याचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. खाली चष्म्याचं दुकान, त्याच्या कडेने वर जाणारा लाकडी जिना, आणि जिन्याच्या टोकाला आत्याचं दार. त्याच्या वर फक्त गच्ची. तिला कायम कुलूप. पासपोर्टचे फोटो, लग्नाच्या व्हिडिओची काटछाट, आणि जुन्या चित्रणाच्या डीव्हीडी करून देणं, हे तिचं काम.

हल्ली डीव्हीडी कोण करतं, असं तुम्ही म्हणाल. करतात. ज्यांच्या घरात जुना टीव्ही आणि जुनी माणसं आहेत, ती करतात.

त्या दिवशी सकाळी असेच एक गृहस्थ आले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. आत्या त्यांना ड्रायव्हरकाका म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. शर्टाच्या खिशाचं बटण काढून त्यांनी जपून एक पेनड्राइव्ह बाहेर काढला, आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. दुधाचं भांडं ठेवावं तसा.

"आमच्या हिने काढलेले व्हिडिओ आहेत," ते म्हणाले. "ती लेकीला फोनवर पाठवायची. ही गेली गेल्या वर्षी. लेकीने सगळे एकापुढे एक जोडून दिलेत. अर्ध्या तासाचे असतील."

"वहिनी दिसतात ना नीट?"

"कुठेच दिसत नाही." ते कसनुसे हसले. "फोन कायम तिच्या हातात. दिसतो तो मीच. खाताना, घोरताना, बूट पुसताना. पण आवाज आहे तिचा. मला तो टीव्हीवर मोठ्याने ऐकायचाय. फोनला कान लावून ऐकला ना, की ती कुठेतरी लांब अडकून पडल्यासारखी वाटते."

आत्याने पेनड्राइव्ह लावून पाहिला. फाईल अगदीच किरकोळ होती.

"होईल संध्याकाळपर्यंत. डिस्कवर मात्र ही बरीच मोठी दिसेल. कुणी विचारलं तर घाबरू नका."

"मोठी का? आत काही नवीन भरता का तुम्ही?"

"नाही हो. फोनवरून पाठवलेला व्हिडिओ म्हणजे करकचून बांधलेली वळकटी. प्रवासाला सोयीची. पण डीव्हीडीचा प्लेअर पडला जुना गडी, त्याला वळकटी सोडता येत नाही. त्याला गादी अंथरूनच द्यावी लागते. गादी तीच, कापूस तोच, जागा मात्र पलंगभर. आणि मी जागा मिनिटांच्या हिशेबाने धरते. चित्रात जत्रा असो नाहीतर रिकामी भिंत. तुमचा अर्धा तास आहे, अर्धी डिस्कसुद्धा भरणार नाही."

ड्रायव्हरकाकांना ते पटलं. "आमच्या गाडीतही हेच व्हायचं. माणसं तेवढीच, पण एकेकाने पाय पसरले की गाडी फुल्ल."

संध्याकाळी येतो म्हणून ते गेले. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्यांचे बूट वाजत गेले. लाकडी जिना आहे, मांजर चढलं तरी आत्याला वर कळतं.

दुपारी आत्याने काम घेतलं. आधी सगळं एकदा चालवून पाहिलं. साधंसुधं घर, खिडकीत वाळणारे कपडे. काका स्टुलावर चढून बल्ब बदलताहेत आणि मागून एका बाईचा खणखणीत आवाज येतो, "ओ ड्रायव्हर! गाडी किती वाजता सुटणार?" काका वरूनच ओरडतात, "सुट्टे काढा बाई, सुट्टे!" मग फोन हसण्याने हलतो.

आत्यालाही हसू आलं.

शेवटच्या तुकड्यात नुसती खिडकी होती. आवाज म्हणाला, "पुरे आता. बॅटरी संपली." आणि पडदा काळा.

आत्याने रूपांतर सुरू केलं आणि डबा उघडला. जेवून, हात धुऊन परत आली, तर स्क्रीनवर सूचना होती.

डिस्कवर पुरेशी जागा नाही.

आत्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. सेटिंग तपासलं. बरोबर होतं. मग तयार झालेल्या फाईलची लांबी पाहिली.

अर्ध्या तासाचं चित्रण सव्वा तासाचं झालं होतं.

वळकटी उलगडली की गादी पसरते, हे खरं. पण एका गादीच्या अडीच गाद्या होत नाहीत.

तिने फाईल शेवटाकडे नेली. "पुरे आता. बॅटरी संपली." पडदा काळा.

आणि काळाच राहिला. बराच वेळ.

आत्या बंद करणार, तेवढ्यात...

श्वास ऐकू आला.

फोन तोंडाजवळ धरून कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. मग पडदा हळूहळू उजळला.

तेच घर होतं. तीच खिडकी. पण दोरीवर कपडे नव्हते. काकांच्या खुर्चीवर पांढरी चादर टाकलेली होती. जमिनीवर धूळ. व्हिडिओ काढणाऱ्याच्या हाताबरोबर चित्र जरा एका अंगाला कलत होतं, पुन्हा सरळ होत होतं, पुन्हा कलत होतं. स्वयंपाकघर. न्हाणीघर. पलंगाखाली वाकून. कपाटामागे डोकावून.

कुणीतरी शोधत होतं.

आणि मग... तोच आवाज. बल्बच्या वेळी हसलेला.

"अहो..."

थोडं थांबून पुन्हा.

"अहो... कुठे गेलात?"

आत्याने फाईल बंद केली. तिला भीती वाटली नाही, असं ती अजूनही सांगते. तिला वाटलं, लेकीने जोडताना कुठला तरी जुना तुकडा चुकून मागे राहिला असेल. कामाच्या पाकिटावर काकांकडून घेतलेला लेकीचा नंबर होता. आत्याने फोन लावला.

"नाही हो," लेक म्हणाली. "खुर्चीवर चादर? ती मी टाकली. आई गेल्यावर बाबांना माझ्याकडे आणलं ना, त्या दिवशी. तेव्हापासून घर बंद आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. आत्ताही."

"मग नंतर कुणी व्हिडिओ काढलाय का तिथे?"

"कोण काढणार? का हो? काय झालं?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "फाईल जरा मोठी होतेय."

आत्याने पेनड्राइव्हवरची मूळ फाईल पुन्हा पाहिली. अर्धा तास. काळ्या पडद्यावर संपत होती. पुढे काही नव्हतं. तरी तिने कात्री लावली. "पुरे आता" हे शब्दही कापले. खिडकीवरच व्हिडिओ तोडला. बघू, आता कुठून काय येतं ते.

आणि पुन्हा रूपांतराला लावलं.

या वेळी ती समोरून हलली नाही. रूपांतर चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक काडेपेटीएवढी खिडकी असते, तीत चित्र भराभर पळत असतं. खाली फाईलचा आकार वाढत जातो. आत्या त्या आकड्याकडे बघत बसली.

आकडा जिथे थांबायला हवा, तिथपर्यंत आला.

आणि पुढे गेला.

काडेपेटीत आता बंद घराचं दार आतून दिसत होतं. कडी सरकली. दार उघडलं. पायऱ्या. मग उजेड. मग रस्ता.

पुढे वाहनं, माणसं, दुकानांच्या पाट्या. कुणीच काढणाऱ्याकडे बघत नव्हतं. एक सायकलवाला तर सरळ अंगावर आला आणि... पलीकडे निघून गेला.

मग एक चौक. चौकातल्या कोपऱ्यावर विजेचा खांब मोडून आडवा झुकला होता. त्याला लाल फडकं बांधलेलं होतं.

आत्याला भीती वाटली ती इथे.

त्या खांबाला ट्रकने धडक दिली होती. त्याच दिवशी पहाटे. आत्या स्टुडिओत येताना त्या लाल फडक्याला वळसा घालून आली होती.

पेनड्राइव्ह तर सकाळपासून तिच्या टेबलावर होता.

तिने रूपांतर थांबवलं. माउस सोडला तेव्हा तो तळहाताला चिकटला होता, इतका घाम फुटला होता. ती उठून खिडकीशी गेली. खाली रोजचंच सगळं. चष्मेवाले दुकानासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. ते दिसल्यावर तिला जरा हायसं वाटलं. खाली जाऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून ती वळली...

आणि जिना वाजला.

पायरी. पायरी. पायरी.

दारात ड्रायव्हरकाका उभे होते. "लवकर आलो. घरी करमेना. झाली का?"

"नाही झाली," आत्या म्हणाली. "काका, हे नको करूया. फाईल खराब आहे."

बस चालवणारा माणूस. समोरच्याचा चेहरा वाचण्यात हयात गेलेली. ते खुर्ची ओढून बसले.

"दाखवा."

"अहो, नको..."

"बाई, तिचं आहे ते. खराब असलं तरी माझं आहे. दाखवा."

आत्याने रस्त्याचा भाग लावला. घरातला लावायचा तिला धीर झाला नाही. काका पुढे झुकले. चित्र एका अंगाला कलत होतं, सरळ होत होतं, कलत होतं.

काकांचे डोळे भरून आले.

"तीच आहे," ते म्हणाले. "उजवा गुडघा दुखायचा तिचा. चालताना फोन असाच डुलायचा. लेक चिडवायची, आईच्या व्हिडिओने बस लागते म्हणून." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "कुठे चाललीय ही?"

आत्याने चित्र थांबवलं.

"मला शोधतेय. हो ना? बिचारीला माहीत नाही मी लेकीकडे राहतो ते." मग ते आत्याकडे वळले. "पुढे काय आहे?"

"पुढे अजून झालेलं नाही."

"मग करा की."

"काका, ऐका माझं. वहिनींना जाऊन वर्ष झालं. आणि तो खांब आज पहाटे पडलाय. हे चांगलं नाही."

"चांगलं-वाईट तुम्ही मला सांगू नका!" त्यांचा आवाज फाटला. मग एकदम खाली आला. "ती गेली तेव्हा मी डबल ड्युटीवर होतो. पोचलो तोवर तोंडावर चादर होती. माझ्याशी शेवटचं कुणी काही बोललंच नाही, बाई. करा ना पुढचं. हात जोडतो."

आत्या सांगते, मी तेव्हाच वायर उपटायला हवी होती. पण त्या जोडलेल्या हातांपुढे तिला नाही म्हणवेना.

तिने रूपांतर पुन्हा सुरू केलं.

अर्धा तास भर्रकन सरला. घर सरलं. रस्ता सरला. लाल फडकं आलं, गेलं. आणि तिथून पुढे चित्र पळायचं थांबलं. साध्या चालीने सरकू लागलं. आकडा मात्र वाढतच होता.

बाहेर उन्हं उतरली होती. काडेपेटीतही उन्हं उतरली होती.

दोघं त्या एवढ्याशा चौकोनाकडे डोळे लावून बसले.

बेकरी. सायकलचं दुकान. बंद पडलेली पिठाची गिरणी.

आत्याने ओळखलं. ही तिचीच गल्ली होती.

मग चष्म्याची पाटी. त्याखाली पेपर वाचणारे चष्मेवाले. त्यांनी पेपर खाली करून वर पाहिलं आणि सभ्यपणे मान डोलावली.

दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिकडे पाहिलं होतं.

आणि मग... लाकडी जिना.

"आली," काका पुटपुटले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ते उठून उभे राहिले.

पायरी. पायरी. पायरी.

आवाज स्पीकरमधून येत होता. आत्याने कान टवकारले. खरा जिना गप्प होता. फक्त स्पीकर. त्यातल्या त्यात तेवढाच दिलासा.

चित्रात दार आलं. आत्याच्या दाराची बाहेरची बाजू. निळा रंग, वरच्या कोपऱ्यात पोपडा उडालेला. चित्र थांबलं. डुलायचंही थांबलं.

श्वास.

"अहो..."

काकांनी ओ द्यायला तोंड उघडलं.

उघडलं, आणि तसंच राहिलं.

"अहो... आत आहात ना?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला, की त्यांना काही झालं की काय असं तिला वाटलं. त्यांनी मान हलवली. एकदा. पुन्हा. मग आत्याच्या कानाशी येऊन, ऐकू येईल न येईल इतक्या हळू म्हणाले,

"ही ती नाही."

"काय?"

"आवाज तिचाच आहे. पण ही ती नाही. माझ्याच गाडीतली रोजची पॅसेंजर होती ती. लग्नाआधी ड्रायव्हर म्हणायची, लग्नानंतरही ड्रायव्हरच. चाळीस वर्षांत एकदाही मला 'अहो' म्हणाली नाही."

स्पीकरमधून गोड आवाज आला. "अहो, दार उघडा ना."

आत्याने खाली वाकून भिंतीतली वायर उपटली.

स्क्रीन विझली. पंखा घरघरत थांबला. स्पीकरवरचा लाल ठिपका मालवला. खोलीत इतकी शांतता झाली, की खालच्या गल्लीतली सायकलची घंटी ऐकू आली.

आत्याने श्वास सोडला.

आणि...

"अहो."

दारामागून.

या वेळी मध्ये यंत्र नव्हतं. फळीला ओठ लावून बोलावं तसा आवाज.

दोघांपैकी कुणी हललं नाही. दाराला आतून नुसती कडी होती. काकांनी आत्याचा हात घट्ट धरला. कुणीही ओ दिली नाही.

बराच वेळ काही नाही.

मग दाराबाहेर कुणीतरी घसा खाकरला. आणि पूर्ण वेगळ्या, ओळखीच्या, वैतागलेल्या आवाजात म्हणालं,

"ताई, अगं उघड की! किती वेळ उभा करतेस?"

माझ्या बाबांचा आवाज!

बाबा तिचे धाकटे भाऊ. जगात तिला ताई म्हणणारा तो एकच माणूस. आत्या सांगते, त्या क्षणी डोकं चालतच नाही. भावाने हाक मारली की बहिणीच्या तोंडून ओ जाते, श्वासासारखी. तिच्या ओठांवर 'आले रे' आलंसुद्धा होतं.

काकांनी झटकन तिच्या तोंडावर हात दाबला.

मघापर्यंत बायकोच्या एका शब्दासाठी हात जोडणारा माणूस. त्यानेच आत्याला वाचवलं. तो डोळ्यांनी नको, नको म्हणत होता.

"ताई..." बाहेरचा आवाज जरा खट्टू झाला. "बरं. नको उघडूस."

मग काहीच नाही.

पायऱ्या वाजल्या नाहीत.

ती दोघं तशीच उभी राहिली. खिडकीतला उजेड करडा झाला. खाली चष्मेवाल्यांचं शटर घसरल्याचा आवाज आला, मग जिना वाजला. दणादण, नेहमीसारखा. दारावर थाप पडली.

"काय हो स्टुडिओवाल्या बाई, आज इथेच मुक्काम का?"

आत्याने ओ दिली नाही. दाराखालच्या फटीतून पाहिलं. चष्मेवाल्यांचा पांढरा बूट आणि त्यावरचा शाईचा डाग ओळखला. मगच कडी काढली.

"अरेच्चा," ते दोघांचे चेहरे बघून म्हणाले. "कुणी वारलं की काय? आणि त्या बाई कुठायत?"

"कोण बाई?"

"मघाशी वर आल्या ना. फोन तोंडासमोर धरून. मी मान हलवली तर बघितलंही नाही माझ्याकडे. पायऱ्यांकडे न बघता चढत होत्या, म्हटलं पडतील आता." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मी तेव्हापासून जिन्याशीच बसलोय. उतरताना नाही दिसल्या."

गच्चीच्या दाराला कुलूप होतं. गंजलेलं.

आत्याने तिथूनच बाबांना फोन लावला. बाबा आमच्या गावात, म्हणजे आत्यापासून रात्रभराच्या अंतरावर, ऑफिसातून निघत होते. "काय गं ताई? आवाज असा का तुझा?" त्यांनी विचारलं. आत्या फोनवरच रडायला लागली. मी तेव्हा घरी होतो. बाबा घरी आल्यावर म्हणाले, ताईला आज काय झालं कळत नाही, सारखी विचारत होती, 'तू तूच आहेस ना?'

आता तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्ह फेकून द्यायचा.

आत्याही तेच म्हणाली. काकांनी तो हातात घेतला.

"यात ते आहे," ते म्हणाले. "पण यातच तिचं 'ओ ड्रायव्हर'ही आहे. कसं फेकू, बाई?"

त्यांनी तो खिशात घातला आणि बटण लावलं. डीव्हीडी करणार नाही, एवढा शब्द दिला. वळकटी बांधलेलीच बरी, असं काहीसं बोलून गेले.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

काही दिवसांनी आत्याला लेकीचा फोन आला. खुशीत होती.

"बाबा म्हणाले तुमच्याकडे डीव्हीडी जमली नाही. फार गप्प गप्प असतात हो तेव्हापासून. विचारलं तर सांगत नाहीत. म्हटलं, त्यांच्या वाढदिवसाला आपणच करून द्यावी. त्यांच्या खिशातला पेनड्राइव्ह गुपचूप काढला आणि आमच्या इथल्या एका स्टुडिओत दिलाय."

आत्या ताडकन उठली.

"तुम्ही म्हणाला होतात ना, फाईल मोठी होते? तिथला मुलगाही तेच म्हणतोय. एका डिस्कमध्ये मावत नाही म्हणे. दोन लागतील."

"परत आण!" आत्या ओरडली. "आत्ताच्या आत्ता जा. त्याला म्हणावं बंद कर. आणि त्याला सांग, कुणी हाक मारली तर..."

लेक घाबरली, पण गेली. रिक्षाने गेली, लगेच पोचली.

स्टुडिओ उघडा होता. दिवे चालू होते. पंखा फिरत होता. टेबलावर चहाचा कप, त्यावर अजून वाफ. संगणक चालू होता आणि कोपऱ्यातली काडेपेटीएवढी खिडकी काळी होती.

तो मुलगा कुठेच नव्हता.

शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, "आत्ता तर होता. उठून बाहेर गेला. कुणीतरी बोलावलं वाटतं."

"कुणी बोलावलं? काय हाक मारली?"

बाईंनी यंत्राचं झाकण बंद केलं.

"हाक नाही बाई ऐकली मी," त्या म्हणाल्या. "फक्त त्याचं ऐकलं. 'ओ, आलो आई', म्हणाला."

त्याची आई त्या वेळी स्वतःच्या घरी झोपली होती. तीच नंतर सगळ्यांना रडत रडत सांगत होती, मी नाही हो बोलावलं.

तो तरुण अजून सापडलेला नाही. पोलिसांनी फार शोधलं. पेनड्राइव्हही मिळाला नाही. संगणकाला तो लावलेलाच नव्हता, असं म्हणतात.

ड्रायव्हरकाका आता लेकीच्या फोनवर एकेक तुकडा ऐकतात. कान लावून, बारीक आवाजात. मोठा करायला कुणी सांगितलं तरी करत नाहीत.

आत्याने डीव्हीडीचं काम सोडलं. आम्ही तिच्याकडे गेलो की जिन्यातून हाक मारत नाही. वर जातो, दार वाजवतो, तिला फटीतून आमचे पाय बघू देतो.

ते काय होतं, ते त्या आवाजामागे कधीपासून होतं, आणि लांबलचक झाल्याशिवाय त्याला बाहेर का येता येत नव्हतं, यातलं काहीच मला माहीत नाही. आत्यालाही नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाली, "विषय काढू नकोस."

हे लिहितोय तेव्हा दुपार आहे. घरात मी एकटाच आहे. आई बाजारात गेलीय, तिला जाताना मी स्वतः पाहिलं.

मघाशी स्वयंपाकघरातून तिने मला जेवायला हाक मारली.

मी ओ दिलेली नाही.